नव्याचा दहावा दिवस

‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण ज्याने केली, तो नक्की कुठल्या तरी बँकेत कारकून असणार. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी अकरा शाखाधिकारी पाहिले. प्रत्येक जण पहिल्या दिवशी टाय लावून आला आणि प्रत्येकाने पहिल्या आठवड्यात काहीतरी हलवलं. एकाने सगळी टेबलं दाराकडे तोंड करून लावली, म्हणजे ग्राहक आल्याबरोबर आपण हसावं. दहाव्या दिवशी टेबलं आपापल्या जागी परत आली, कारण पंखे जुन्या जागी होते. दुसऱ्याने चहाची वेळ बदलली, तर चहावालाच यायचा बंद झाला. मग साहेब स्वतः खाली उतरून त्याची समजूत काढून आले. तेव्हापासून नवा माणूस, नवी योजना, नवं सरकार, नवी सून यांच्यापैकी कुणीही घरात आलं की मी कॅलेंडरवर नऊ दिवस मोजतो आणि दहाव्या दिवशी निवांत होतो.

या विश्वासाला तडा गेला तो निवृत्तीनंतर, सातासमुद्रापार, मला न कळणाऱ्या एका खेळामुळे.

२०२४ च्या ऑगस्टअखेर आम्ही दोघं लेकीकडे चार महिने राहायला गेलो. गाव ब्लूमिंग्टन, राज्य इंडियाना. ‘इंडियन लोक इंडियानात,’ हा विनोद मी विमानतळावरच करून टाकला. जावयाने तो हसून घेतला, पण लेकीच्या चेहऱ्यावरून लक्षात आलं की ब्लूमिंग्टनला आलेल्या प्रत्येक आईबापाने तो केलेला आहे. गाव टुमदार. आसपास चुनखडीच्या दगडाच्या खाणी आहेत. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला बाहेरून लावलेला दगड याच भागातला. इथल्या लोकांना ‘हूझर’ म्हणतात. हूझर म्हणजे काय, हे मी पाच जणांना विचारलं आणि पाच वेगळी उत्तरं मिळाली. ज्या शब्दाचा अर्थ कुणालाच खात्रीने सांगता येत नाही, तो ही मंडळी छातीवर छापून हिंडतात. आपल्याकडची निम्मी आडनावं तशीच असल्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही.

गावाचा जीव म्हणजे इंडियाना विद्यापीठ, आणि विद्यापीठाचा जीव म्हणजे बास्केटबॉल. ॲसेम्ब्ली हॉल नावाच्या त्यांच्या मंडपात राष्ट्रीय विजेतेपदाचे पाच झेंडे टांगलेले आहेत. त्यांतले तीन बॉब नाइट या कडक प्रशिक्षकाच्या काळातले. त्याचं नाव घेताना म्हातारी माणसं अजून खुर्चीत सावरून बसतात. फुटबॉल मात्र तेव्हा तिथलं सावत्र पोर. विद्यापीठाचा संघ १८८७ पासून खेळत आलेला आणि बहुतेक काळ हरत आलेला. सव्वाशेहून जास्त वर्षांत सातशेवर पराभव. अमेरिकेतल्या पहिल्या श्रेणीच्या कॉलेज फुटबॉलमध्ये इतके पराभव दुसऱ्या कुणाच्याच नावावर नव्हते. एका हंगामात त्यांनी जास्तीत जास्त किती सामने जिंकले होते? नऊ. तेही दोनदाच, १९४५ मध्ये आणि १९६७ मध्ये. जावयाने हा आकडा सांगितला तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. म्हटलं, “बघा, म्हण तुमच्याकडेही लागू आहे. नऊच!”

हे फुटबॉल म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या पेठा-तालमींतलं फुटबॉल नव्हे. इथल्या चेंडूला दोन टोकं असतात आणि त्याला पाय क्वचितच लागतो. खेळाडू शिरस्त्राणं चढवून एकमेकांवर आदळतात, शिट्टी वाजते, सगळे उठतात, सल्लामसलत करतात आणि पुन्हा आदळतात. बायकोने दहा मिनिटं पाहिलं आणि विचारलं, “यांचं नेमकं भांडण कशावरून आहे?”

जावयाने सोप्यात सोपं करून सांगितलं. चेंडू ज्याच्याकडे, त्याला चार संधी. चार संधींत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर पुन्हा चार संधी, नाही तर चेंडू समोरच्याच्या ताब्यात.

“यार्ड म्हणजे वार ना?” बायको म्हणाली. “मग दहा कशाला? नऊ वारांत आमच्या आजीचा सगळा संसार झाला.”

नऊवारीत संसार होतो, पण या खेळात नऊ वारांना किंमत नाही, हे मला पुढे कळलं. नऊ वार आणि दोन फूट गेलात तरी व्यर्थ. निर्णय चुरशीचा झाला की मैदानात दोन माणसं साखळी घेऊन येतात. दोन काठ्यांना बांधलेली, मोजून दहा वारांची साखळी. पन्नास हजार लोक श्वास रोखून बघत असतात आणि ती दोघं, मोजणी खात्याचे लोक बांधावर येतात तशी, सावकाश, कुणाशी न बोलता, साखळी ताणून धरतात. चेंडूचं टोक काठीच्या पुढे चार बोटं गेलं तर जल्लोष, चार बोटं मागे राहिलं तर सुतक. या देशात उपग्रहावरून गाडीची पाटी वाचतात म्हणे, पण दहावा वार तेव्हाही साखळीने मोजत होते. मला ते फार आवडलं.

आता नव्या साहेबांविषयी. आधीचे प्रशिक्षक टॉम ॲलन भला माणूस. ‘एकमेकांवर प्रेम करा’ हे त्यांचं संघासाठीचं घोषवाक्य. २०२० मध्ये त्यांनी आठांपैकी सहा सामने जिंकूनही दाखवले होते. पण नंतरच्या तीन हंगामांत विजय झाले दोन, चार आणि तीन. प्रेम होतं, गुण नव्हते. २०२३ च्या नोव्हेंबरात विद्यापीठाने त्यांना निरोप दिला आणि करार मोडल्याबद्दल सुमारे दीड कोटी डॉलर मोजायचं कबूल केलं. हे ऐकून मी बराच वेळ गप्प होतो. आमच्याकडे काढून टाकलेल्या माणसाचा फंडसुद्धा अडकतो.

त्यांच्या जागी आले कर्ट सिग्नेटी. वय बासष्ट. आल्याबरोबर त्यांना बास्केटबॉलच्या सामन्यात लोकांपुढे उभं केलं आणि हातात माइक दिला. अशा वेळी आपल्याकडचा माणूस ‘आपण मला ही संधी दिलीत’ असं म्हणून घसा साफ करतो. यांनी परड्यू, मिशिगन आणि ओहायो स्टेट या तीन बलाढ्य शेजाऱ्यांचा एका दमात उद्धार केला आणि माइक परत दिला. पुढे पत्रकारांनी विचारलं, खेळाडूंना तुम्ही तुमची कल्पना कशी पटवता? सिग्नेटी म्हणाले, सोपं आहे, मी जिंकतो, गूगल करून बघा.

मी बघितलं. रिकामटेकडा माणूस, गूगल कर म्हटल्यावर करतोच.

या गृहस्थांचे वडील फ्रँक सिग्नेटी हेही नावाजलेले प्रशिक्षक. मुलगा वयाच्या पन्नाशीला टेकला तेव्हा अलाबामासारख्या मातब्बर संघात सहायक होता, वरचे साहेब निक सेबन, म्हणजे या खेळातला शेवटचा शब्द. घरात सुख, पगार बरा. ते सगळं सोडून २०११ मध्ये हा माणूस एका लहान कॉलेजचा मुख्य प्रशिक्षक झाला, कमी पगारावर. वडिलांनी पूर्वी जिथे काम केलं होतं तेच कॉलेज. त्याचं नाव इंडियाना युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया. पेनसिल्व्हेनिया राज्यात इंडियाना नावाचं गाव आहे, तिथलं. तिथून इलॉन, तिथून जेम्स मॅडिसन आणि तिथून या खऱ्या इंडियानात. इंडियाना ते इंडियाना, मध्ये एक तप उलटलेलं. मुख्य प्रशिक्षक म्हणून एकाही हंगामात पराभव विजयांपेक्षा जास्त नाहीत.

हे वाचून मी लॅपटॉप मिटला. पन्नाशीला टेकलो तेव्हा मला अधिकारीपदाची बढती चालून आली होती, तिसऱ्यांदा. बढती म्हणजे बदली. बदली म्हणजे पुणे सोडायचं. मी आईच्या तब्येतीचं कारण लिहून दिलं. आईची तब्येत त्या वर्षी ठणठणीत होती. ती पर्वती चढून यायची आणि मला विचारायची, “तू का दमलास?”

सिग्नेटींनी आल्याबरोबर जे केलं, ते मात्र माझ्या ओळखीचं होतं. नवा साहेब जुन्या ऑफिसातून आपला ड्रायव्हर आणि स्टेनो घेऊन येतो, तसे हे जेम्स मॅडिसनचे तेरा खेळाडू घेऊन आले. अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंना आता कॉलेज बदलायची मुभा आहे आणि त्यासाठी ‘ट्रान्स्फर पोर्टल’ नावाची सोय आहे. आपल्या जिल्हा परिषदेच्या मास्तरांना हे नाव ऐकून घाम फुटेल, पण इथे पोरं त्यावर हौसेने नाव घालतात. सिग्नेटींचा निवडीचा निकष एकच: पुढे काय करू शकशील हे सांगू नकोस, आजवर काय केलंस ते दाखव. स्थळं बघताना मुलीच्या बापाने पाठ करावं असं हे वाक्य आहे.

या सगळ्यावर गावाचं मत काय, हे मला शेजाऱ्याकडून कळत गेलं. शेजारी माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठा, विधुर, उंच, किंचित वाकलेला. घरापुढे दोन मोठे मेपल. वर्षानुवर्षं स्टेडियममधली ठरलेली जागा विकत घेणारा. त्याच्याकडे किरमिजी रंगाची बसायची उशी होती, कडा झिजून पांढऱ्या पडलेली. सामन्याच्या दिवशी उशी काखेत मारून तो निघायचा आणि मध्यंतर झालं की परत यायचा. दर वेळी. घरी येऊन सप्टेंबरात गवत कापायचा, ऑक्टोबरपासून पानं झाडायचा. मी विचारलं, सामना संपला? तो म्हणाला, “माझा संपला.”

मला वाटलं, एकटा याचाच हा विक्षिप्तपणा. जावई म्हणाला, “नाही हो बाबा, इथली रीतच ती.” सामन्याआधी स्टेडियमबाहेरच्या मोकळ्या जागेत गाड्या लावून लोक शेगड्या पेटवतात, सॉसेज भाजतात, बिअर पितात, आणि पूर्वी त्यांतले बरेच जण आत जातच नसत. लग्नाला यायचं, पंगतीत जेवायचं आणि नवरा-नवरीला न भेटता घरी जायचं. लग्न टिकणार नाही हे आधीच ठाऊक असेल तर त्यात चूक तरी काय?

शेजाऱ्याने एक गोष्ट मला तीनदा सांगितली, आणि तिन्ही वेळा अभिमानाने. १९७६ साल. इंडियानाचे प्रशिक्षक ली कोर्सो. समोर ओहायो स्टेट, म्हणजे ज्यांच्याकडून दरवर्षी मार खायचाच. आणि काय झालं कोण जाणे, सुरुवातीलाच इंडियाना ७-६ ने पुढे! कोर्सोंनी खेळ थांबवायची विनंती केली, अख्खा संघ मैदानात गोळा केला आणि मागे गुणफलक दिसेल अशा बेताने सगळ्यांचा फोटो काढून घेतला. सामना ओहायो स्टेटने ४७-७ असा जिंकला. शेजारी म्हणाला, “सामना सगळेच हरतात. फोटो आम्ही काढला.”

तेव्हा मला या गावाची किल्ली सापडली. हरणाऱ्यांचं एक घर असतं आणि ते चांगलं ऊबदार असतं. विनोद ठरलेले, उसासे ठरलेले, मध्यंतराला उठायची वेळ ठरलेली. कुणाचा अपेक्षाभंग होत नाही, कारण अपेक्षा दाराबाहेर चपलांबरोबर ठेवलेली असते. त्या घरात मीही चौतीस वर्षं राहिलो होतो. माझं सामानही बरंचसं तेच होतं.

पण हा नवा माणूस फर्निचर हलवायला लागला. ३१ ऑगस्टला पहिला सामना ३१-७ असा जिंकला. शेजारी म्हणाला, समोरचे कच्चे होते. दुसरा ७७-३. ते त्याहून कच्चे. तिसरा लॉस एंजेलिसच्या यूसीएलएविरुद्ध, त्यांच्या अंगणात, ४२-१३. ते यंदा आजारी आहेत. चौथा, पाचवा, सहावा. पोराला शंभरपैकी शंभर मिळाले तर ‘पेपर सोपा होता’ म्हणणाऱ्या आया आपल्याकडे असतात. तसा तो गवत कापता कापता मला पेपर किती सोपा होता ते सांगायचा. फक्त एक बदल झाला होता. खिशात रेडिओ लावलेला असायचा.

सातव्या सामन्यात नेब्रास्काला ५६-७ ने लोळवलं, पण त्यात कर्टिस रोर्कच्या उजव्या अंगठ्याला इजा झाली. रोर्क म्हणजे संघाचा क्वार्टरबॅक, सगळ्या फेकी ज्याच्या हातून व्हायच्या तो. मूळचा कॅनडाचा, तोही त्याच पोर्टलवरून आलेला. अंगठ्यावर शस्त्रक्रिया झाली. पुढे हंगाम संपल्यावर कळलं की गुडघ्यातला अस्थिबंध फाटलेला असताना हा मुलगा सगळं वर्ष खेळला होता. त्या आठवड्यात गावात अंगठ्याशिवाय दुसरा विषय नव्हता. किराणा दुकानातली बाई अंगठ्याविषयी बोलली, केस कापणारा बोलला. मलाही बोलायचं होतं, कारण आदल्या वर्षी पेन्शनीच्या कामाला यंत्राने माझा अंगठा ओळखला नव्हता. पण ते दुःख इंग्रजीत सांगणं जमेना.

आठवा सामना अंगठ्याविना, बदली खेळाडूवर, तोही जिंकला. त्या दिवशी सकाळी देशभर दिसणारा मोठा दूरचित्रवाणी कार्यक्रम गावात मुक्कामाला आला होता आणि त्यात फोटोवाले ली कोर्सो होते, वय एकोणनव्वद. शेजारी त्यांना लांबून बघून आला आणि संध्याकाळभर काही बोलला नाही.

नववा सामना मिशिगन स्टेटविरुद्ध. या दोन विद्यापीठांच्या लढतीला १९५० पासून फिरती ट्रॉफी आहे, आणि ती ट्रॉफी म्हणजे पितळी पिकदाणी. खरोखरची पिकदाणी. ४७-१० असा सामना जिंकून पोरं ती डोक्यावर घेऊन नाचली. टीव्हीवर तिला क्लोजअपमध्ये दाखवत होते. गोल पोट, पसरट ओठ, उजेडात चमकणारं पितळ. बायको हातातलं काम टाकून पुढे आली.

“ही तर मामंजींची!” ती म्हणाली. माझ्या आजोबांपासून वडिलांकडे आलेली तशीच पिकदाणी घर रंगवताना आम्ही मोडीत दिली होती, किलोवर. “आणि इथे बघा, मिरवणूक काढतात.” पुढचे दोन दिवस मोडीत गेलेल्या इतर वस्तूंची यादी मला ऐकावी लागली. तिच्यात बंब होता, घंगाळ होतं, आणि ते घालवण्याचा निर्णय माझा होता.

तर नऊ झाले. १९४५ आणि १९६७ ची बरोबरी. मी कॅलेंडर काढलं आणि लेकीला म्हटलं, “आता थांबेल बघ.” दहावा सामना ९ नोव्हेंबरला, घरच्या मैदानावर, मिशिगनशी. मिशिगन म्हणजे आदल्या वर्षीचे राष्ट्रीय विजेते. त्याच सकाळी मी हयातीच्या दाखल्यासाठी मोबाइलसमोर डोळे मिचकावून आपण जिवंत असल्याचं सरकारला कळवलं आणि जावयाबरोबर स्टेडियमवर गेलो. थंडी मरणाची. शेजाऱ्याने आमच्यासाठी आपल्या मागच्या रांगेतल्या दोन जागा मिळवून दिल्या होत्या.

मध्यंतराला इंडियाना १७-३ ने पुढे. शेजारी सवयीने उठला. उशी काखेत घेतली. दोन पायऱ्या चढला. मग थांबला, मागे वळून गुणफलकाकडे बघितलं आणि कुणीतरी चोरी पकडल्यासारखा परत येऊन बसला. माझ्याकडे न बघता म्हणाला, “पानं ओली असतील.”

ऊन पडलेलं होतं.

उत्तरार्धात इंडियानाचा चेंडू पुढे सरकेनाच. मिशिगन तीन-तीन गुणांनी जवळ येत गेलं आणि मग मोठी उडी मारून १७-१५ वर आलं. साखळीवाले येऊन उभे राहिले की माझ्या पोटात गोळा यायचा. आणि मला एकदम पुण्यातला ओंकारेश्वर आठवला. आपल्याकडे दहावा दिवस म्हटला की एकच, घाटावरचा. पिंड ठेवलेला असतो, कावळे झाडावर बसलेले असतात, पण एक शिवत नाही. सगळे लांब उभे. मग कुणीतरी आठवून पुढे होतो आणि हात जोडून मोठ्याने सांगतो, “काळजी करू नका, धाकटीचं लग्न आम्ही लावू,” “जमिनीचं भांडण मिटवू.” गेलेल्याची अडकलेली इच्छा कळली की कावळा येतो. सव्वाशे वर्षांच्या पराभवांचा दहावा त्या मैदानावर मांडलेला होता आणि कावळा काही शिवत नव्हता.

समोरच्या रांगेत शेजारी मान खाली घालून ओठ हलवत होता. पुढच्याच काही मिनिटांत इंडियानाने गोलखांबांमधून चेंडू मारला. २०-१५. मिशिगनची शेवटची धडपड वाया गेली आणि पन्नास हजार माणसांनी जो आवाज केला, तसा मी गणपती विसर्जनालाही ऐकलेला नाही. दहा! विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदा दहा.

परत येताना मी शेजाऱ्याला विचारलं, मघाशी काय पुटपुटत होता? तो जरा लाजला. म्हणाला, “बायकोला सांगत होतो. ती शेवटपर्यंत थांबायची. मी ओढून घरी आणायचो. तिला कबूल केलं, यापुढे मध्यंतराला उठणार नाही.”

मी त्याला घाटावरच्या कावळ्याची गोष्ट सांगितली. इंग्रजीत ती तुटक तुटक झाली, पण त्याला समजली. त्याने विचारलं, “कावळ्यांना कळतं?”

“शेवटपर्यंत थांबलं तर कळतं,” मी म्हटलं. मीच म्हटलं हे, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

दिलेला शब्द त्याने पाळला. त्याच्या अंगणात पानांचा थर वाढत गेला. आठवड्याभराने सिग्नेटींना आठ वर्षांचा, सात कोटी वीस लाख डॉलरचा नवा करार मिळाला. ज्या वयात आपल्याकडे नातवंडांना शाळेच्या बसपर्यंत सोडायची जबाबदारी मिळते, त्या वयात. चेहरा तरीही तोच, गणित तपासणाऱ्या मास्तरांचा. पोरांनी सत्तर गुण केले तरी हा माणूस हसत नाही. उत्तर बरोबर आहे पण रीत चुकली, असं काहीतरी त्याला दिसत असतं.

२३ नोव्हेंबरला ओहायो स्टेटच्या मैदानावर सामना होता. पहिल्याच चढाईत इंडियाना ७-० ने पुढे गेलं. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीसारखंच. या वेळी फोटो कुणी काढला नाही. आता पुढेही आपण असू, असं त्या पोरांना वाटत होतं. नंतर ते ३८-१५ असे हरले, आणि हरल्याचं त्यांना लागलं. शेजारी टीव्हीसमोर शेवटपर्यंत बसून होता. मला म्हणाला, “चाळीस वर्षांत या संघाला हरल्याचं वाईट वाटलेलं मी पाहिलं नव्हतं.” हे सांगताना त्याला बरं वाटत होतं की वाईट, हे मला ठरवता आलं नाही.

पुढच्या आठवड्यात परड्यूशी बादलीचा सामना. ही दुसरी ट्रॉफी: विहिरीची जुनी लाकडी बादली. दरवर्षी जो जिंकेल त्याचं आद्याक्षर घडवून बादलीला अडकवतात, त्याची साखळी होते. १९२५ मध्ये पहिलाच सामना ०-० असा सुटला, म्हणून पहिली कडी दोन्ही अक्षरांची आहे. भांडणाची सुरुवात तोडग्याने झाली असं उदाहरण आमच्या भाऊबंदकीत नाही. या वेळी निकाल ६६-०. बादली आणि पिकदाणी दोन्ही घरात आल्या. बायको म्हणाली, “आता फक्त पाटा आणि वरवंटा राहिला.”

२० डिसेंबरच्या रात्री, त्याच राज्यातल्या नोटर डेमच्या मैदानावर, राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या फेरीत २७-१७ असा पराभव झाला आणि हंगाम संपला. अकरा विजय, दोन पराभव. आम्ही शेजाऱ्याच्या घरी होतो. शेवटच्या मिनिटांत, सगळं संपल्यात जमा असताना, इंडियानाने दोनदा गुण मिळवले. पूर्वी ते बघायला तो जागा नसता. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहिलं, तो गारठ्यात पानं ओढत होता, दीड महिन्याची, काळी पडलेली, एकमेकांना चिकटलेली. मी स्वेटर चढवला आणि दुसरं दाताळं घेऊन मदतीला गेलो. दुपारपर्यंत लागलं.

आम्ही पुण्याला परतलो. जानेवारीत अंतिम सामना ओहायो स्टेट आणि नोटर डेम यांच्यात झाला. म्हणजे वर्षभरात इंडियानाला हरवणारे दोनच संघ, आणि तेच दोघं शेवटी समोरासमोर. मी शेजाऱ्याला तसं कळवलं. त्याने लिहिलं, “पेपर अवघड होता.”

पुढच्या हंगामात मी नऊ मोजून पाहिले, दहा मोजून पाहिले, मग मोजणं सोडून दिलं. सोळापैकी सोळा सामने जिंकून, १९ जानेवारी २०२६ ला मायामीला २७-२१ असं हरवून इंडियाना राष्ट्रीय विजेता झालं. लगेच लेकीचा फोन आला. गावात कुणी झोपलेलं नव्हतं. मी शेजाऱ्याची चौकशी केली.

“बरे आहेत,” ती म्हणाली. “पानं झाडायला त्यांनी यंदा एक कॉलेजचा मुलगा ठेवलाय. पण शनिवारी यायचं नाही, असं त्याला सांगून ठेवलंय.”